सासूबाईंचे टोमॅटो

"हिरवीगार आहेत गं! दृष्ट लागेल अशी!" कात्रीकाका अंगणातून ओरडले आणि हातातलं डागाळलेलं पान त्यांनी गुपचूप सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

खिडकीच्या आत काकू खुर्चीवर बसल्या होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा, त्याच्या आत एका डोळ्यावर पट्टी. त्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर त्यात जंतू शिरले. डॉक्टरांनी सज्जड दम भरला होता : धूळ नको, ऊन नको, वाकायचं नाही आणि अंगणात तर पाऊलही टाकायचं नाही. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू. त्या डोळ्याला माणूस कुठला आणि कपाट कुठलं हे दोघांपैकी एक हलल्याशिवाय कळायचं नाही. त्यामुळे अंगणातली टोमॅटोची झाडं काकूंना दिसायची ती फक्त नवऱ्याच्या तोंडून.

"आणि फुलं?" काकूंनी विचारलं.

"फुलांचं तर विचारूच नकोस."

"का? का विचारू नको?"

"अगं, म्हणजे भरपूर आहेत! मोजता येत नाहीत, असं म्हणतोय मी!"

खोटं बोलायलाही अक्कल लागते. काकांना उभ्या जन्मात ती आली नाही. काकांचा धंदा केस कापायचा. गिऱ्हाइकाला टक्कल पडायला लागलं तर बाकीचे कारागीर "छे हो, प्रकाशामुळे वाटतंय" म्हणून वेळ मारून नेतात. काका सरळ आरसा मागे धरून दाखवायचे. असा हा माणूस आता रोज संध्याकाळी खिडकीशी उभा राहून बायकोला धडधडीत थापा मारत होता.

कारण ती झाडं साधीसुधी नव्हती. ती काकूंच्या आईची होती.

म्हणजे आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचे टोमॅटो राहिले होते. हातात मावणार नाही एवढं फळ, वरून चुण्या घातल्यासारख्या खोबणी आणि रंग लालपेक्षा गुलाबीकडे झुकणारा. बाजारात तसलं फळ मिळायचं नाही, बियाण्याच्या दुकानात मिळायचं नाही, कुठ्ठे मिळायचं नाही. म्हातारी दरवर्षी सगळ्यांत चांगल्या फळाचं बी काढून वाळवायची आणि डबीत ठेवायची. मागायला आलेल्याला फळ पोटभर द्यायची, पण बी? नाव काढायचं नाही. "बी दिलं की घर रिकामं झालं," असं तिचं म्हणणं. लेकीला दिलं तेही अगदी शेवटी, अंथरुणावरून. काकूंनीही तोच नेम चालवला. मात्र गेली दोन-तीन वर्षं दिसेनासं होत गेलं, गुडघे धरले, बागेकडे लक्ष राहिलं नाही आणि नवं बी काढायचं राहून गेलं. डबीत उरलं होतं ते जुनं बी. जुनं बी म्हणजे म्हातारं माणूस, उठेल तर उठेल. यंदा ऑपरेशनच्या आधी काकूंनी डबी उपडी केली आणि होतं नव्हतं ते सगळं पेरलं. त्यातून जेमतेम सात रोपं उठली.

"ही तेवढी सांभाळा हो," दवाखान्यात जाताना त्या म्हणाल्या होत्या. "ही गेली तर आईचं काहीच उरणार नाही."

काकांनी छाती ठोकून सांगितलं, "तू निर्धास्त राहा. माझ्या हातून आजवर कुणाचा केस वाकडा झालेला नाही."

हे मात्र खरं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

काकांचं नाव कात्रीकाका पडलं त्याला त्यांची दुकानातली ऐट कारण. बोलता बोलता कात्री हवेतच चक-चक चालवत राहायची, केसांना लागो न लागो. एका खुर्चीचं दुकान, समोर पारा उडालेला आरसा, पण शिस्त अशी की विचारू नका. गिऱ्हाईक बदललं की कात्री औषधी पाण्यात बुडवायची, फडका झटकायचा, मानेखाली नवा कागद लावायचा. आणि डोकं असो की दाढी, हत्यार लावण्याआधी पाण्याच्या फवाऱ्यानं भिजवायचं, फुस्स फुस्स फुस्स. "कोरड्या केसाला कात्री लावणारा कारागीर नव्हे," काका म्हणायचे, "तो मेंढरं कातरणारा!"

पुढे मुलगा हाताशी आला. दुकानात मोठे दिवे आले, तीन खुर्च्या आल्या, गाणी आली. आणि काकांच्या उजव्या हाताला कंप आला. फार नाही, चहाचा कप बशीवर किणकिणावा एवढाच. पण एके दिवशी वस्तऱ्यानं एका गिऱ्हाइकाचा कान कापला. थोडासाच, रक्ताचा थेंब आला, तुरटी लावली, गिऱ्हाईक हसून "होतं काका" म्हणालं. मुलगा मात्र त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर खाली मान घालून म्हणाला, "बाबा, आता तुम्ही आराम करा." ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.  काकांनी आपली जुनी कात्री आणि फवाऱ्याची बाटली पिशवीत घातली आणि घरी आले. त्यानंतर त्यांनी वस्तरा हातात धरला नाही. स्वतःच्या गालालासुद्धा लावला नाही. दाढी वाढत गेली. कुणी विचारलं की म्हणायचे, "आता कुणाला तोंड दाखवायचंय!"

अशा माणसाच्या हातात सात रोपं आली.

काकूंनी सांगून ठेवलं होतं की फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात जे जादा फुटवे येतात ते वेळच्या वेळी काढायचे, नाहीतर झाडाचा सगळा जोर पाल्यात जातो. काकांना आणखी काय हवं? दर संध्याकाळी ऊन उतरलं की ते कात्री घेऊन अंगणात जायचे. खोटं कशाला सांगा, त्यांना बरं वाटायचं. झाड हलत नाही, बोलत नाही, "काका जरा जपून" म्हणत नाही, आणि फुटव्यावर कात्री चालवताना हातही फारसा थरथरायचा नाही. एक झाड झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. मध्ये कात्री धुवायची? छे, कशाला! सातही रोपं एकाच आईची लेकरं, एका घरात कुणी कंगवा बदलतं का? आणि सुरुवात अर्थातच रीतीप्रमाणे. आधी बाटली उचलायची आणि झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत छान भिजवून घ्यायचं. कोरड्याला कात्री लावायला ते काय मेंढरं कातरत होते?

आणि मग डाग दिसले.

पहिल्यांदा अगदी खालच्या पानांवर दिसले. तपकिरी ठिपके, त्यांच्याभोवती पिवळं. काकांना वाटलं, पानं म्हातारी झाली, गळतील. त्यांनी ती कापली आणि कापल्या जागी सवयीनं तुरटीही घासली. पण दोन दिवसांनी त्याच्या वरची पानं डागाळली, मग शेजारच्या झाडाची, मग पलीकडच्या. काका घाबरले आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं : शेजाऱ्याला विचारलं.

शेजारी होते घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा बारीक दिसते अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी डोळ्याला भिंग चढवलं, पान उलटंपालटं केलं, "हं," म्हणाले, "हंऽऽ," म्हणाले आणि मग खिशातून मोबाइल काढला.

"हे बघा. हुबेहूब. जमिनीत क्षार कमी पडलेत."

दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो. "चुकलं माझं. ही कोळ्यासारखी बारीक कीड असते, तिचं काम आहे. हुबेहूब!"

तिसऱ्या दिवशी तिसरा. मोबाइलवरचा प्रत्येक आजार काकांच्या पानाशी हुबेहूब जुळत होता. दाखवलं असतं तर काकांच्या सदऱ्याशीही जुळला असता. शेवटी घड्याळजींनी भिंग उतरवलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "काका, हा विषाणू आहे. याला औषध नाही. उपटायचं आणि जाळून टाकायचं."

काकांनी त्यांच्या हातातलं पान ओढून खिशात घातलं.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, कोण आलंय? काय म्हणताहेत?"

"घड्याळजी! झाडं बघायला आलेत! म्हणतात, असली झाडं कधी बघितली नाहीत!"

हे तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी काका सकाळी उठले ते थेट गावाबाहेरच्या रोपांच्या नर्सरीत गेले, बरोबर ओल्या कागदात गुंडाळलेली दोन पानं. नर्सरीच्या बाई शेतीचं शिकलेल्या, तोंडानं फटकळ, हात कोपरापर्यंत मातीचे. त्यांनी पानं टेबलावर पसरली आणि आधी प्रश्नांचा मारा केला.

"डाग आधी कुठे आले? खाली की वर?"

"खाली. अगदी मातीलगत."

"शेंड्याची पानं कशी आहेत? आक्रसलीत? वाटीसारखी वळलीत? पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्याची झालीत?"

काकांनी डोळे मिटून आठवलं. "नाही. वरची चांगली आहेत. सरळ आहेत."

"मग विषाणू कोण म्हणालं तुम्हाला?"

"एक घड्याळवाले आहेत."

"त्यांना म्हणावं, घड्याळं बघा." बाईंनी पान उजेडाकडे धरलं. "हे बघा, डागाच्या आत एकात एक वर्तुळं दिसतात? भोवती पिवळं? हा करपा. बुरशीचा रोग आहे. मातीतून खालच्या पानांवर उडतो आणि पायरी पायरीनं वर चढतो. विषाणू असता तर शेंड्याचा नवा पालाच आधी बिघडला असता. ओरडू नका, बरा होतो हा."

काका ओरडले नव्हते. त्यांनी फक्त एवढा मोठा सुस्कारा सोडला होता की टेबलावरचा कागद उडाला.

बाईंनी सगळं समजावलं. डागाळलेली खालची पानं काढा आणि खताच्या ढिगात टाकू नका, लांब नेऊन टाका. एका झाडाची पानं कापली की कात्री स्पिरिटनं पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावा. (इथे काकांनी जीभ चावली.) बुंध्याशी वाळलेलं गवत अंथरा, म्हणजे पाणी घालताना माती पानांवर उडणार नाही. झाडं काठीला नीट बांधा, मधून वारा खेळला पाहिजे. हे तांब्याचं बुरशीनाशक घ्या. पाकिटावर लिहिलंय तेवढंच वापरा, जास्त घातलं म्हणून रोग जास्त घाबरत नाही. नाकातोंडाला फडका बांधून फवारा. आणि फवारल्यावर लगेच फळं तोडून खायची नाहीत, किती थांबायचं तेही पाकिटावर आहे.

"आणि मुख्य म्हणजे पानं ओली राहता कामा नयेत. ओल्या पानावरच बुरशी रुजते. वरून पाणी घालता का तुम्ही?"

"छे, छे!" काका ठामपणे म्हणाले. "झारीनं, मुळाशी, तेही सकाळी. आमच्या हिची सक्त ताकीद आहे."

काका खोटं बोलत नव्हते. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर तुम्ही उगीच त्यांना नावं ठेवाल. झाडाला पाणी घालणं म्हणजे झारी. फवारा म्हणजे काही पाणी घालणं नव्हे. ती कापायची तयारी. गिऱ्हाइकाचं डोकं भिजवलं म्हणून त्याला आंघोळ घातली असं कुणी म्हणतं का?

काका वाऱ्यावर तरंगत घरी आले. कात्री स्पिरिटनं पुसली, एकेक झाड साफ केलं, गवत अंथरलं, औषधासाठी वेगळा पंप आणून नाकाला फडका बांधून सकाळी सकाळी फवारलं. दाढीच्या बाटलीत त्यांनी औषध घातलं नाही; तिचा मान वेगळा. आणि संध्याकाळी कात्री घेऊन अंगणात गेले, तीच ती बाटली उचलली आणि फुस्स फुस्स फुस्स.

आठवडा गेला. डाग थांबले नाहीत. उलट अर्ध्या झाडावर चढले. पुन्हा औषध मारलं, पुन्हा पानं काढली. झाडं खालून उघडी पडली, धोतर वर खोचल्यासारखी दिसायला लागली. वर हिरवी फळं धरली होती, चांगली मुठीएवढी, पण त्यांच्या लगतच्या पानावर सकाळी एक नवा ठिपका दिसला आणि काकांचा धीर सुटला. बाईंनी सांगितलेलं सगळं केलं होतं, मग घड्याळजींचंच खरं असणार. विषाणूच हा.

आणि मग काकांच्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली. भन्नाट म्हणजे अशी की ऐकल्यावर कुणीही कपाळाला हात लावावा. आजारी झाडं उपटायची आणि त्या जागी बाजारातली तयार, मोठी, फळं धरलेली झाडं कुंडीतून काढून लावायची! काकूंना दिसणार कुठे? दिसायला लागेल तोवर ती रुजलेली असतील. फळ वेगळं लागलं तर म्हणायचं, यंदा हवा वेगळी होती.

ते दुपारी जाऊन सात झाडं घेऊन आलेसुद्धा. आणून भिंतीच्या आडोशाला ठेवली. पण सासूबाईंच्या पहिल्या झाडाच्या बुंध्याला हात घातला आणि ते काही केल्या त्यांना उपटवेना. डोळ्यांत पाणी आलं. या झाडांनी त्यांचं काय वाकडं केलं होतं? दुकान सुटल्यापासून दिवसातला एवढा एकच तास त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. "उद्या," ते स्वतःशीच पुटपुटले. "आज नको, उद्या सकाळी." आणि जाणाऱ्या गिऱ्हाइकाची शेवटची सेवा करावी तशी त्यांनी बाटली उचलली आणि पहिलं झाड मनापासून, अगदी निथळेपर्यंत भिजवलं.

फुस्स फुस्स फुस्स.

"अहो," खिडकीतून काकूंचा आवाज आला. "आज कोण आहे?"

"कोण म्हणजे? कुणी नाही."

"मग दाढी कुणाची करताय?"

काकांनी बाटली पाठीमागे लपवली.

"मला सगळं ऐकू येतं हो," काकू म्हणाल्या. "डोळे गेलेत, कान नाही गेले. रोज संध्याकाळी तुमची ती फुस्सफुस्स आणि मग कात्री. जन्मभर ऐकलेला आवाज आहे तो. पोरानं दुकानातून उठवलं म्हणून तुम्ही अंगणात चोरून गिऱ्हाइकं घेताय, एवढं न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मुद्दामच बोलले नाही. म्हटलं, करू दे. तेवढंच मन रमतंय. पण गिऱ्हाईक एक शब्द बोलत नाही, हे काय गौडबंगाल आहे?"

काका खिडकीपाशी आले. एवढे दिवस ही बाई आपली लाज राखायला गप्प बसली होती, हे ऐकून त्यांना भडभडून आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. डाग, घड्याळजी, मोबाइल, नर्सरीच्या बाई, औषध, खिशात कोंबलेली पानं आणि भिंतीआड ठेवलेली ती बाजारातली सात झाडंसुद्धा.

काकू ऐकत होत्या. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तो फवारा तुम्ही झाडांवर मारत होता?"

"कापायच्या आधी मारावा लागतो. कोरड्याला कात्री..."

"रोज?"

"रोज. तू सांगितलेले फुटवे काढायचे म्हणून."

"संध्याकाळी?"

"मग काय, उन्हात मारू?"

"अहो देवमाणसा!" काकू खुर्चीतून उठल्याच. "त्या बाईंनी काय सांगितलं? पान ओलं राहता कामा नये! आणि तुम्ही रोज तिन्हीसांजेला माझ्या आईच्या झाडांना न्हाऊ घालून ओलीचिंब झोपवताय! वर सकाळी मारलेलं औषध धुऊन टाकताय ते वेगळंच! आपली पोरगी ओल्या केसांनी झोपली की सर्दी होईल म्हणून घर डोक्यावर घ्यायचं कोण? तुम्हीच ना?"

काकांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. पानापानावरून पाणी ठिबकत होतं. मग पुन्हा बाटलीकडे. आणि त्या माणसाच्या तोंडावर जो उजेड पडला, तो काकूंना दिसला नाही याचं वाईट वाटतं.

"म्हणजे विषाणू नाही?" ते म्हणाले.

"विषाणू कसला! रोग तुमच्या हातात आहे. ती बाटली आधी आत आणून ठेवा!"

काकांनी त्याच पावली बाटली आत आणून मोरीच्या फळीवर ठेवली, पंचा घेऊन बाहेर गेले आणि एकेक पान अलगद टिपून कोरडं केलं. झाडाची पानं पुसणारा माणूस घड्याळजींनी गच्चीवरून पाहिला आणि मोबाइलमध्ये हा कुठला आजार ते शोधायला ते आत गेले.

त्या दिवसापासून फवारा बंद. फुटवे सकाळी, दव वाळल्यावर, चिमटीत धरून मोडायचे. औषध पाकिटावर लिहिलं होतं त्या अंतरानं आणखी दोनदा मारलं. आणि संध्याकाळचा खिडकीपाशीचा अहवाल आता खरा द्यायचा, हे काकूंचं फर्मान.

"डाग?"

"काल होते तेवढेच. तिसऱ्या झाडाला एक वाढलाय."

"शेंडा?"

"शेंडा साफ आहे."

पहिले काही दिवस काका सकाळी डोळे नीट उघडायच्या आधीच अंगणात जायचे. एकेक पान उलटून बघायचे. मग एक दिवस नवा डाग दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जुने डाग होते तिथेच वाळले आणि वरून नवा पाला फुटला, लुसलुशीत, एकही ठिपका नसलेला. काकांनी तो हात लावून पाहिला, भिंगातून पाहिला (भिंग घड्याळजींकडून मागून आणलं होतं), आणि मग भर अंगणात मोठ्यानं ओरडले, "आहे! साफ आहे! सगळं साफ आहे गं!"

"अहो, हळू! लोकांना वाटेल चोर आला!" काकू आतून म्हणाल्या, पण त्यांच्याही आवाजात हसू मावत नव्हतं. काका पायरीवर बसले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर चहा प्यायले. छातीवरची धोंड उतरली की चहासुद्धा वेगळा लागतो.

नर्सरीत जाऊन त्यांनी बाईंना हे सगळं इमानदारीत सांगितलं. बाई आधी हसल्या, मग त्यांनी डोक्याला हात लावला. तेव्हापासून त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "वरून पाणी घालता का?" आणि ते "नाही" म्हणालं की पुढे विचारतात, "आणि फुस्सफुस्स?" बाजारातली सात झाडं काकांनी घड्याळजींना देऊन टाकली. विषाणूच्या सल्ल्याची फी म्हणून.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्माही काढला आणि अंगणात जायला हरकत नाही म्हणाले, त्या दिवशी काकू घरी न थांबता थेट मागच्या दारानं अंगणात गेल्या. काका मागोमाग, शाळेत प्रगतिपुस्तक दाखवायला निघालेल्या पोरासारखे. झाडं खालून पार उघडी होती, वर छत्रीएवढा पाला, आणि मध्ये ती फळं. खोबणीदार, जड, गुलाबीकडे झुकलेली.

 एका फळाखाली काकूंनी तळहात धरला आणि त्यांना हुंदका आला. "आई गं," एवढंच म्हणाल्या.

काकांनी घसा साफ केला. "कापणी जरा जास्त झालीय खालून."

"जास्त? अर्ध्या झाडाचं टक्कल केलंत," काकूंनी डोळे पुसले. "पण वाचवलीत हो. वाचवलीत."

औषध मारल्यावर थांबायची मुदत केव्हाच उलटली होती. त्यांनी सगळ्यांत मोठं फळ तोडलं, कापलं, गर एका पेल्यात काढला. दोन-चार दिवस तो आंबू दिला, बी धुतलं, कागदावर वाळवलं. काका डबी घेऊन आले. काकूंनी डबी बाजूला सारली आणि कागदाच्या पुड्या करायला सांगितलं.

"पुड्या? कुणासाठी?"

"एक नर्सरीच्या बाईंना. एक आपल्या पोराला, त्याच्या दुकानामागे जागा आहे. एक लेकीला. आणि एक त्या घड्याळजींना."

"घड्याळजींना? तो माणूस उपटून जाळायला निघाला होता! आणि तुझी आई काय म्हणायची? बी दिलं की घर रिकामं..."

"आई काहीही म्हणायची," काकू म्हणाल्या. "एका घरात ठेवलं म्हणूनच माझा जीव टांगणीला लागला होता. आता चार घरी राहील. एकाकडे मेलं तर दुसऱ्याकडून मागून आणू."

काकांनी पुड्या केल्या. बोटं थरथरत होती, थोडं बी सांडलं, ते काकूंनी एकेक दाणा वेचून परत घातलं. सगळे दाणे त्यांना स्वच्छ दिसत होते. इतके दिवस झाडांपुढे त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. आता त्यांनी मान वर केली, नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"आणि हे काय?"

"काय?"

"ही दाढी! अहो, माणसात राहता की रानात? सातही झाडांची करून झाली, मालकाची तेवढी राहिली?"

काकांनी गालावर हात ठेवला. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "हात कापतो गं," ते म्हणाले. "त्या कानानंतर वस्तरा धरवत नाही. भीती वाटते."

काकू उठल्या. आतून स्टूल आणलं, अंगणात ठेवलं, काकांना दंडाला धरून त्यावर बसवलं. मोरीच्या फळीवरची बाटली आणली, वस्तरा आणला आणि आरसा आणला.

"कोरड्याला लावायचं नाही ना?" त्या म्हणाल्या आणि फुस्स फुस्स करून त्यांनी काकांचा गाल, मिशा, कान सगळं भिजवून टाकलं. मग आरसा दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला. "चला. मी बघतेय. कापायला लागलात तर सांगते."

काकांनी वस्तरा उचलला. हात थरथरला. ते थांबले, आरशाच्या वरून त्यांनी बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे उघडे होते, आणि त्यांच्यावरच रोखलेले होते. मग त्यांनी कानशिलापासून सुरुवात केली, सावकाश, खालच्या दिशेनं. कुठेही कापलं नाही.